चौकड्यांची चादर

समोरच्या बाल्कनीत निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची चादर वाळत घातलेली दिसली आणि निवृत्त कमांडर रेग्यांनी अर्ध्या दाढीवरच वस्तरा खाली ठेवला.

एकाहत्तरच्या युद्धात धुरातून दुसऱ्या जहाजाने संदेशासाठी फडकवलेली निशाणं अचूक वाचून त्यांनी आपलं जहाज सुरुंगांपासून वाचवलं होतं. वीरचक्र त्याचंच. समोरच्या कुमुदताईंना त्यांनी ही निशाणं कितीदा तरी समजावली होती. निळा-पांढरा चौकडा म्हणजे 'नाही'. आणि कालच चहा पिताना त्यांनी ताईंना लग्नाचं विचारलं होतं. दोघंही एकटे, सत्तरीपुढचे. "उद्या सांगते," ताई म्हणाल्या होत्या.

दहा वाजता फोन वाजला.

"अहो, चहा गार होतोय. आहात कुठे?"

"नकार वाचला मी तुमचा. चादरीवर."

सगळा उलगडा झाल्यावर कुमुदताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "सोलापुरी चादर आहे हो ती! धुवायची नाही का माणसानं? बरं, होकाराचं निशाण कसं असतं?"

"निळा, पांढरा, लाल, पांढरा, निळा. पाच पट्टे."

थोड्या वेळाने दोरीवर निळी साडी, पांढरा टॉवेल, लाल परकर, आणखी एक पांढरा टॉवेल आणि उशीचा निळा अभ्रा ओळीने लागले. कमांडर बाल्कनीत आले. डोळे भरून त्यांनी ते पाहिलं आणि न राहवून ओरडले, "पट्टे आडवे हवेत!"

"वाचता आलं ना?" पलीकडून उत्तर आलं. "मग उरलेली दाढी करा आणि या."