तळाशी एकच ओळ

वैजयंतीताईंना ऐकू येत नसे, पण त्यांच्या डोळ्यांतल्या भिंगात बोलणाऱ्याचे शब्द त्याच्या ओठांखाली उमटत. त्या भरवशावरच त्या सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या होत्या. आज सकाळी भिंगाची पडदाप्रणाली बदलली. नव्या प्रणालीत शब्द दाखवणाऱ्या ॲपलाही पडद्यावरची आपली जागा स्वतः ठरवता येईना, आणि सगळ्यांचे शब्द तळाशी एकाच ओळीत गोळा होऊ लागले.

संध्याकाळी ताईंच्या घरी सभा भरली. गच्चीवर दुर्बीण बसवण्याचा विषय निघाला आणि ओळ धावत सुटली.

"दुर्बीण हवीच!"

"आणि पापड कुठे वाळवायचे, चंद्रावर?"

"ताईंना झेपत नाहीये, अध्यक्ष बदला."

कोण काय बोललं, काही कळेना. ताईंनी स्वयंपाकघरातून उलथणं आणलं आणि टेबलावर आपटलं. "हे ज्याच्या हातात असेल, त्यानेच बोलायचं."

"ताई, ही काय बालवाडी आहे?" एवढं म्हणायलाही सभासद खांबेट्यांना उलथणं मागून घ्यावं लागलं.

कित्येक सभा रखडलेला विषय चहा निवायच्या आत मिटला. पापड दिवसा, दुर्बीण रात्री. अध्यक्ष बदला, असं उलथणं हातात धरून कुणीच म्हणालं नाही.

तेवढ्यात भिंगात सूचना आली: 'दुरुस्ती तयार आहे. आता बसवायची का?'

पार्किंगचा विषय अजून बाकी होता, आणि खांबेटे उलथण्यासाठी हात पुढे करून निमूट थांबले होते. ताईंनी 'नंतर' निवडलं.