ओळखीचा चेहरा

चौथा फोटो टेबलावर आला आणि शैलजाबाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच तो!"

टेबलापलीकडच्या पोलीस बाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ती इंग्रजीत काहीतरी बोलली. टेबलावरच्या फोनमधून दुभाषी मुलीचा आवाज आला, "काकू, त्या म्हणताहेत, अजून दोन फोटो आहेत. तेही बघायचेत."

शैलजाबाई गोंधळल्या. हाच म्हणून सांगितलं ना, मग आणखी काय बघायचं? डोक्यावरचे टाके ठणकत होते. कानात अजून घूं घूं चालू होतं.

आदल्या दिवशी दुपारी शॉमबर्गच्या इंडियन स्टोअरबाहेर, पार्किंगमध्ये, कोणीतरी मागून येऊन त्यांची पर्स हिसकली होती. पट्टा खांद्यात अडकला आणि त्या गोठलेल्या डांबरावर उताण्या पडल्या. पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांत. सायरन. हॉस्पिटलच्या छतावरचे दिवे. मुलाचा, केदारचा, पांढराफटक चेहरा. नागपूरहून त्याच्याकडे इकडे परदेशात राहायला येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता.

सकाळी गाडीत केदार म्हणाला होता, "आई, माणूस पकडलाय. पर्स त्याच्याच हातात होती. तू फक्त ओळखायचं. उगीच कन्फ्यूज होऊ नकोस हं, नाहीतर सुटेल तो."

पण केदारला खोलीत येऊच दिलं नाही. आणि या पोलीस बाईची तर तऱ्हाच वेगळी. सुरुवातीलाच तिनं सांगून टाकलं, की तो माणूस या फोटोंत असेल, नसेलही. कोणाला ओळखलंच पाहिजे असं काही नाही. आणि पकडलेला यातला कोण, हे तिलाही ठाऊक नाही.

"पोलिसांनीच पकडलं आणि पोलिसांनाच ठाऊक नाही?" शैलजाबाईंनी विचारलं होतं.

"मला माहीत असतं, तर ते तुम्हाला माझ्या तोंडावर दिसलं असतं," फोनमधून पोलीस बाईचं उत्तर आलं होतं. "माझं काम विचारायचं. गुन्हेगार कोण, ते कोर्ट ठरवेल."

शैलजाबाईंना यातलं काही झेपलं नव्हतं.

पाचवा फोटो. सहावा. दोघंही परके. चौथा पुन्हा समोर आला.

"किती खात्री आहे, काकू?"

"अगदी पक्की. डोळे मिटले तरी हाच दिसतो मला."

ते खरंच होतं. रुंद कपाळ, जाड भुवया, तिशीतला पोरगा. रात्रभर हा चेहरा डोळ्यांपुढून हलला नव्हता. त्यांना हायसं वाटलं. चला, सुटलो एकदाचे. त्यांनी पेन उचललं.

"सहीच्या आधी एक सांगा," दुभाषी मुलगी म्हणाली. "याला कुठे पाहिलंत, कसं पाहिलंत, तुमच्या शब्दांत."

"पार्किंगमध्ये. मी गाडीकडे निघाले होते. यानं मागून..."

त्या थांबल्या.

मागून. मग चेहरा दिसला कसा?

त्यांनी डोळे मिटले. चेहरा लगेच आला. पण उलटा. हनुवटी वर, कपाळ खाली, मागे करडं आभाळ. ओठ हलत होते. डोक्याखाली काहीतरी मऊ सरकत होतं.

"काकू? आहात ना?"

"थांब गं पोरी."

पर्स याच्याच हातात होती, केदारनंच सांगितलं होतं. मग हे काय? मार लागल्यावर माणसाला काहीबाही दिसतं म्हणतात, तसं तर नसेल? फोटोतला पोरगा सरळ त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी पोलीस बाईकडे पाहिलं. तिथून काहीच मदत मिळण्यासारखी नव्हती.

"मला काही कळेनासं झालंय," त्या हळूहळू म्हणाल्या. "पण चोराचं तोंड मी पाहिलंच नाही. यानं अंगातलं जाकीट काढून माझ्या डोक्याखाली ठेवलं. मग हा पळाला. का पळाला, ते मला माहीत नाही. लिही, एवढंच लिही."

फोनमधून इंग्रजी सुरू झालं. पोलीस बाईनं शब्द न् शब्द लिहून घेतला आणि सही घेतली. बरं केलं की वाईट, ते तिच्या चेहऱ्यावरून तेव्हाही कळलं नाही.

बाहेर केदार उभाच होता. "ओळखलंस ना?"

शैलजाबाई त्याचा हात धरून बाकाकडे वळल्या. सगळं बिघडवून ठेवलं आपण, असं त्यांना वाटत राहिलं. दोघं बाकावर बसून राहिली. बऱ्याच वेळानं तपास करणारा अधिकारी बाहेर आला आणि केदारशी बोलू लागला. केदार आधी तावातावानं बोलला. मग नुसता ऐकू लागला.

"काय म्हणतात रे?"

"सोडताहेत त्याला." केदारचा आवाज खाली आला होता. "तो चोराच्या मागे धावला होता, आई. चोरानं पर्स टाकली. ती घेऊन तुझ्याकडेच परत येत होता, तेवढ्यात यांनी धरला."

"अगंबाई! पण हे यांना सांगितलं कोणी?"

"त्यानंच. कालपासून तो हेच सांगतोय, तुझ्या डोक्याखालच्या जाकिटासकट."