यू-टर्नसाहेबांची तोंडी परीक्षा

"स्टॅक आणि क्यू यांतला फरक सांगा," साहेब म्हणाले. "चहा घेत घेत सांगितलात तरी चालेल."

पाहुण्याने कप खाली ठेवला. मुलीने पसंत केलेला हा मुलगा आज पहिल्यांदाच घरी आला होता, आणि नेमका रुमाल विसरून आला होता. त्याने बाहीने कपाळ पुसलं, मुलीकडे पाहिलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

साहेबांचा जन्म परीक्षा घेण्यात गेला होता. गाडी चालवण्याचा परवाना मागायला येणाऱ्याच्या शेजारी बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि चूक झाली की शांतपणे म्हणायचं, "वळवा गाडी." इतक्या जणांना त्यांनी असं माघारी धाडलं होतं की लोक त्यांना यू-टर्नसाहेबच म्हणायचे. सख्ख्या बायकोलाही त्यांनी दोनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही. अजून बसने हिंडते, आणि बस चुकली की त्या दिवशी घरात कुणी फारसं बोलत नाही.

मुलगा प्रोग्रॅमर आहे, असं मुलीने फोनवर कळवलं तेव्हा साहेब पेचात पडले. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण एकुलती एक लेक कुणाच्या हाती द्यायची आणि त्याला पारखून घ्यायचं नाही, हे त्यांच्या स्वभावात बसेना. मुलगीही तसल्याच कुठल्याशा कंपनीत होती. पण तिला विचारणं म्हणजे पेपर फोडणंच झालं असतं. म्हणून त्यांनी वाचनालयातून संगणकाचं अगदी पहिलं पुस्तक आणलं आणि अभ्यासाला बसले.

आणि गंमत म्हणजे त्यांना ते आवडायला लागलं. बिट म्हणजे काय, बाइट म्हणजे काय, हे ते दाढी करताना पुटपुटायचे. एकदा जेवताना त्यांनी ताटल्या एकावर एक रचून बायकोला स्टॅक समजावला. शेवटी ठेवलेली ताटली आधी निघते, हे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. बायको म्हणाली, ती ताटली मी रोज काढते आणि घासतेही, मला त्याचं कुणी प्रमाणपत्र दिलेलं नाही.

"स्टॅकमध्ये," पाहुणा म्हणाला, "जो आधी येतो तो आधी बाहेर जातो."

"ती क्यू. म्हणजे रांग."

"हो, हो. माझं नेहमी उलटंसुलटं होतं, काका."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. पुढे त्यांनी तेरा हा आकडा शून्य आणि एक वापरून कसा लिहायचा ते विचारलं. पाहुण्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला, तो साहेबांच्या नजरेने अर्ध्यातच थांबला. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर कसं काम करतो, यावर तो म्हणाला की बटण दाबलं की ते आपोआप होतं, आत काय चालतं ते बघायची वेळ कधी आली नाही. तेच ते करत कधीच न थांबणारा अनंत लूप मात्र त्याला चांगला ठाऊक होता. एकदा त्याच्या हातून तो लागला होता, आणि अख्खं ऑफिस दिवसभर हातावर हात ठेवून बसलं होतं. हे सांगताना त्याचा चेहरा खुलला. साहेबांनाही हसू आलं, ते त्यांनी चहाच्या कपात लपवलं.

थोड्या वेळाने ते उठले आणि मुलीला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांना मनातून वाईट वाटत होतं. मुलाला थापा मारता येत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच प्रश्नाला ओळखलं होतं, आणि असली माणसं त्यांना आवडायची. पण आवडणं निराळं आणि निकाल निराळा. आयुष्यभर त्यांनी हे दोन एकमेकांत मिसळू दिले नव्हते. बाहेर बायको पाहुण्याला आपल्या दुसऱ्या परीक्षेची हकिगत रंगवून सांगत होती, आणि दोघं हसत होती.

"नापास," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "मुलगा साधा आहे. पण विषय कच्चा आहे गं. अगदी पायाच कच्चा."

"माहितीये, बाबा. मीही त्याला नापास केलंय."

मुलगी कप विसळता विसळता सांगू लागली. तो तिच्या कंपनीत नोकरीसाठी आला होता. मुलाखत तिनेच घेतली होती. तिथेही त्याने स्टॅक उलटा सांगितला होता. जाताना मात्र पुन्हा दारातून आत आला, आणि बरोबर उत्तरं कोणती ते सांगाल का, असं त्याने विचारलं. आजवर असं विचारणारा तिला दुसरा भेटला नव्हता.

साहेबांचं लक्ष भलत्याच ठिकाणी अडकलं होतं.

"तू परीक्षा घेतेस?"

"किती वर्षं झाली. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"आणि... परत पाठवतेस?"

"बहुतेकांना."

साहेबांना भरून आलं. पंचा घेऊन ते एक कोरडाच कप पुसत राहिले. सगळं पुस्तक पालथं घातलं, आणि ज्या विषयावर लेक पोट भरते त्यातलं तिला एका अक्षराने विचारलं नाही, हे त्यांना आत्ता कळत होतं. मग त्यांच्यातला परीक्षक पुन्हा जागा झाला.

"पण मग नापास केलेल्याशी लग्न कसलं करतेस?"

मुलीने त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

"नोकरीसाठी नापास केलं होतं, बाबा."