बयनाबाईचं भांडण
बयनाबाईच्या लेकाला कोटीची लॉटरी लागली अन् तिकीट विकणाऱ्या सीमेपल्याडच्या महाराष्ट्रातल्या दुकानदारानं त्याचा हारासकट फोटो पेपरात दिला. तेव्हापासून दारात अनोळखी माणसं पाणी मागू लागली. नातीला कोणी उचलून नेलं तर, या धास्तीनं मायलेकांनी भांडणाचं सोंग रचलं. पैसा घराबाहेर गेला हे गावानं पाहायला हवं होतं. बेला गावच्या भर बाजारात तिनं लुगड्यांनी फुगवलेली बॅग आदिलाबादच्या बसजवळ फेकली. “जाय घेऊन तुहा पैसा. पुना तोंड दाखवू नोको.” “जातो न बुढे. तुह्या जिभेपायी घरावर कावळाबी बसत नाही.” हे वाक्य ठरलेलं नव्हतं, तरी तिनं गिळलं. तिच्या प्रत्येक भांडणात गाव मधे पडायचं. आज सगळे बॅगेकडं पाहत होते. लेक चढला, बस हलली. नात वाचली म्हणून तिनं घाम पुसला, तोच चहाच्या टपरीवरच्या दोघा अनोळखी माणसांनी मोटारसायकल बसमागं लावली.