पठारावरचे आभाळ

सकाळी साडेसहाला दोघांचा चहा झाला. त्याने कप विसळले, तिने त्याचा डबा भरला. तो हवामान कार्यालयात अंदाज लिहीत असे आणि घरीही त्याच भाषेत बोले. आभाळाचे आठ भाग करायचे आणि त्यांतले किती ढगांनी झाकले जातील ते सांगायचे.

"पठारावर आज रात्री आठात सात," तो म्हणाला. "धरणाकडे तर पाऊसच. उल्कावर्षाव पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली.

पुढच्या वर्षापर्यंत तिची रात्रीची नजर टिकणार नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले होते. म्हणून तर नकाशा पसरून दोघांनी दोन जागा ठरवल्या होत्या. जिथे ढग कमी, तिकडे निघायचे. तिने भरलेली बॅग रिकामी करायला घेतली.

तो आंघोळीला गेला आणि त्याचा फोन वाजला. कार्यालयातला सहायक बोलत होता.

"वहिनी, साहेबांना एवढंच विचारा, पठाराला आठात शून्यच ना? अंदाजाखाली सही त्यांचीच आहे, पण खगोलमंडळवाल्यांना धीर नाही. बारा वाजता चौकातून बस निघतेय त्यांची. तुम्ही दोघंही जाताय म्हणे. मजा आहे बुवा."

तो केस पुसत बाहेर आला. तिने निरोप शब्दशः सांगितला. टॉवेल त्याच्या हातात तसाच राहिला.

"डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले," तो खालच्या आवाजात म्हणाला, "अंधारातलं तुला आत्ताच दिसत नसणार. तिथे वर बघताना तुला ते कळलं असतं. मला ते बघवलं नसतं गं."

"म्हणून सगळं आभाळच झाकलंत?"

नऊला तो डबा घेऊन कामावर गेला.

साडेअकराला तिने दाराला कुलूप लावले. चिठ्ठी ठेवली नाही.

बसपाशी यादी घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी तिचे नाव लिहिले. "ताई, वर अंधारात चालावं लागतं. नजर ठीक आहे ना?"

"अंधारातली महिन्यापूर्वीच गेली. आमच्या यांच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं होतं मी," ती म्हणाली. "आता शेजारी असं कुणी बसवा, जे दिसेल तेच सांगेल."