लंगडी टिटवी

“दोन्या मिरेया, उठा आता. भरती चढतेय आणि तुम्हाला अजून त्या लांब नाकाच्या डुकराचं तोंड बघायचंय?”

“टापिर म्हणतात त्याला,” डोळ्यांवरची दुर्बीण न काढता मिरेयाबाई म्हणाल्या. “तू असा बोंबलतोस म्हणूनच तो बाहेर येत नाही.”

एल्वेरनं वाळूतल्या नारळाला लाथ घातली. घरी जायची वाट एकच, खडकाला वळसा घालून. भरतीत ती पाण्याखाली जाते. मागे जंगल, नुसता चिखल आणि काटे. अडकलं की पाणी उतरेपर्यंत बसा माशा मारत. आणि शहराची होडी सुटते ती भरतीलाच, आठवड्यातून एकदा. त्याची निळी बॅग सकाळीच होडीत जाऊन पडली होती.

आठवडाभर घरात हाच तमाशा. तो आईच्या नाकासमोर बॅग भरायचा, ताटं आपटायचा, या बिळात मी कुजणार नाही म्हणायचा. आई, ओदिलिया, पाहुण्यांच्या खोल्या आणि खानावळ चालवते. ती म्हणायची, जा, मग मी आणि माकडंच राहतो इथं. रात्री त्याच्या दाराबाहेर चटई टाकून झोपायची. बहीण योर्लेनी गप्प कांदा चिरत असायची. तिनं मागे एकदाच नर्सिंगला जाऊ का म्हणून विचारलं होतं. आईनं उत्तरसुद्धा दिलं नव्हतं.

आज आईनंच त्याला टापिर दाखवायला बाईंबरोबर पिटाळलं. योर्लेनीला नेहमीसारखं होडीवरची भाजी आणायला पाठवलं.

बाई दरवर्षी शहरातून इथं आईकडे राहायला येतात. रस्ता नाही, दिवा नाही, माणूस नाही, म्हणून.

“काय शांतता आहे,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला आठ दिवस. आम्हाला जन्मभर.”

येताना एक टिटवी पंख फरफटत त्यांच्यापुढे लंगडत पळाली होती. एल्वेर तिच्यामागे धावला, तशा बाई पोट धरून हसल्या होत्या. नाटक असतं रे ते, म्हणाल्या, पिल्लं दुसरीकडेच असतात, तुझ्यासारखे येडे लागतात तिच्या मागे.

खडक बुडाला. लांबून होडीच्या इंजिनाचा आवाज आला. एल्वेरनं बाईंकडे पाहिलं.

“जंगल मागे आहे, दोन्या. समुद्रात काय बघताय?”

बाईंनी दुर्बीण खाली घेतली. “तुझी आई रडली रे माझ्यापुढे. होडी सुटेपर्यंत त्याला अडकवून ठेवा म्हणाली.”

त्यानं दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं, मग परत त्यांच्या हातात दिली.

“बघा. निळ्या बॅगेवर कोण बसलंय?”

बाईंनी पाहिलं. योर्लेनी. केस मोकळे सोडलेले, तोंड वाऱ्याकडे. मागे वळूनसुद्धा बघत नव्हती.

“बॅगेत तिचेच कपडे आहेत,” एल्वेर म्हणाला.

पाणी उतरेपर्यंत दोघं बसून राहिले. खडकाची टोकं वर आली, तसा तो चपला हातात घेऊन उठला. बाईंनी विचारलं, आणि तू?

“मला निघायला हवं आता. कांदा चिरायचाय.”