देवासमोर

लेखिकेने गावाकडच्या आपल्या घरावर पुस्तक लिहिलं आणि छापायला देण्याआधी ते आईला वाचून दाखवायला ती गावी आली. गोठ्यातलं काम उरकून आई टेकून बसली. आईच्या श्रद्धेवरचं प्रकरण लेकीने वाचायला घेतलं. ‘तिला भेटला तसा देव मला कधीच भेटला नाही,’ या वाक्यापाशी ती थांबली.

“एवढी देवभोळी कधी होते गं मी?” आईने विचारलं.

“असं काय करतेस? रोज संध्याकाळी तासभर देवासमोर डोळे मिटून बसायचीस की!”

“पाय दुखायचे गं. नुसती बसले तर सगळ्यांच्या हाका सुरू व्हायच्या. देवासमोर बसलं, की कुणी उठवायचं नाही.”